प्रेमाला पुराव्याची अट

कोलकात्यात २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. पहिला गोल गोऱ्या पलटणीने केला. मग कर्णधार शिबदास भादुरीने बरोबरी साधली आणि सामना संपत आला असताना अभिलाष घोषने विजयी गोल मारला. एवढ्याबद्दल कुणाचे दुमत नाही. पण या दोन ओळींभोवती शंभरहून अधिक वर्षांत बरेच काही जमले आहे. अकराही खेळाडू अनवाणी होते, भारतीयांनी गोऱ्यांना फुटबॉलमध्ये प्रथमच हरवले ते त्या दिवशी, या पराभवाच्या धसक्याने इंग्रजांनी राजधानी दिल्लीला हलवली, आणि सामन्यानंतर फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून ‘हा कधी उतरवणार?’ असे विचारणाऱ्याला ‘पुन्हा शील्ड जिंकू तेव्हा’ असे उत्तर मिळाले. बागानने दुसऱ्यांदा शील्ड जिंकली ती १९४७ मध्ये, त्यामुळे ही शेवटची गोष्ट तर सांगणाऱ्याच्या अंगावर काटा आणते. आज या क्लबविषयी काही शोधणारा माणूस बहुतेक वेळा प्रथम विकिपीडियावर पोहोचतो. तिथे यातले काय इतिहास म्हणून लिहायचे आणि काय दंतकथा म्हणून, हे कोणताही क्लब, सरकार किंवा विद्यापीठ ठरवत नाही. ते ठरवतात बिनपगारी स्वयंसेवक, आणि त्यांत मोठा भरणा क्लबच्या चाहत्यांचा असतो. हे धोक्याचे वाटेल. पण माझे म्हणणे असे की क्लबच्या इतिहासासाठी आज उपलब्ध असलेल्या व्यवस्थांपैकी ही बरीच चांगली व्यवस्था आहे, कारण इथे प्रेम करणाऱ्यालाच पुरावा मागितला जातो.

हे चार दावे पुराव्याला कसे लावले जातात ते पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. अकरापैकी सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळले होते, बाकीचे दहा अनवाणी होते. म्हणजे पहिला दावा एका खेळाडूपुरता चुकतो. दुसरा दावा पुरताच कोसळतो, कारण शोभाबाजार क्लबने १८९२ मध्येच ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवले होते. बागानचे श्रेय शील्ड जिंकणारा पहिला भारतीय संघ हे आहे, आणि ते काही लहान नाही. राजधानीचा दावा अधिक गुंतागुंतीचा आहे. दिल्ली दरबारात १२ डिसेंबर १९११ रोजी वंगभंग रद्द करण्याची आणि राजधानी हलवण्याची घोषणा एकदमच झाली. पण व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य जॉन जेनकिन्स यांनी राजधानी हलवण्याचा विचार जून १९११ मध्येच टिपणात मांडला होता. तेव्हा शील्डचा अंतिम सामना व्हायचाच होता. राहिली युनियन जॅकची गोष्ट. प्रश्न कोणी विचारला आणि उत्तर कोणत्या खेळाडूने दिले, हे सांगणाऱ्यागणिक बदलते. अशी गोष्ट ‘असे घडले’ म्हणून लिहिता येत नाही. ती ‘असे सांगितले जाते’ म्हणून, सांगणाऱ्याच्या नावासह लिहिता येते. आणि ती लिहिली पाहिजेच, कारण बंगालने त्या विजयाकडे कोणत्या नजरेने पाहिले हे तीच गोष्ट सांगते. असा लेख वाचून चाहत्याच्या हातून काही जात नाही. क्लबच्या स्मरणिकेत मात्र हे चारही दावे एकाच ठाम सुरात छापले जाऊ शकतात, कारण तिथे विचारणारा कुणी नसतो.

विकिपीडियावर विचारणारे असतात, आणि त्यांच्या हातात नियम असतात. प्रत्येक वादग्रस्त विधानाला प्रसिद्ध झालेल्या विश्वासार्ह स्रोताचा आधार हवा. आधार नसेल तर ओळीपुढे ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लागते आणि तो शेवटपर्यंत मिळाला नाही तर ओळ काढली जाते. स्वतःचे संशोधन तिथे चालत नाही. जेनकिन्सच्या टिपणाची तारीख आणि सामन्याची तारीख शेजारी ठेवून ‘म्हणून दावा खोटा’ असा निष्कर्ष संपादकाने स्वतः काढणेही नियमात बसत नाही. तो निष्कर्ष एखाद्या इतिहासकाराने काढलेला दाखवावा लागतो. लेखाची प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली असते. कोणत्या सदस्यनावाने कोणता शब्द कधी बदलला हे कुणालाही पाहता येते आणि बदलामागची भांडणे चर्चापानावर उघडी असतात. एखाद्या लेखाला सर्वोच्च दर्जा मिळवून द्यायचा तर इतर संपादक त्यातल्या ओळी आणि संदर्भ तपासून शंका काढतात. इंग्लंडमधल्या अनेक क्लबांच्या इतिहासावरचे लेख या चाळणीतून गेले आहेत. चाहत्याजवळ दोन गोष्टी भरपूर असतात, वेळ आणि चिकाटी. एका मोसमातल्या एका सामन्याचा गोलफलक शोधण्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळायला पगारी माणूस सहसा तयार होत नाही, चाहता होतो. नियम एवढेच करतात की ती चिकाटी गौरवगाथेकडे न वळता पुराव्याकडे वळते.

यावरचा सरळ आक्षेप असा, की चाहता पक्षपाती असतो आणि नियमांतून पळवाट काढतो. याची खरी परीक्षा ताज्या वादांत होते, कारण १९११ च्या घटनेपासून आता कुणाच्या खिशाला धक्का लागत नाही. मोहन बागानच्या फुटबॉल विभागाची ८० टक्के मालकी २०२० मध्ये आरपी-संजीव गोएंका समूहाकडे गेली आणि इंडियन सुपर लीगमध्ये संघ ‘एटीके मोहन बागान’ या नावाने उतरला. एटीके हा त्याच समूहाचा आधीचा संघ, तीन वेळा लीग जिंकलेला. मग ही तीन विजेतेपदे आता कुणाची? एटीकेचा वारसा मालकाने सोबत आणला असे एक बाजू म्हणू शकते. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या क्लबच्या माथी दुसऱ्याचे नाव मारले असे दुसरी बाजू म्हणत होती, आणि नावातून एटीके काढा अशी मोहीम चाहत्यांनी चालवली. शेवटी मार्च २०२३ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर बंगळुरू एफसीला हरवून संघाने विजेतेपद मिळवले, तेव्हा मालकांनी नाव बदलण्याची घोषणा केली आणि पुढच्या मोसमापासून संघ ‘मोहन बागान सुपर जायंट’ झाला. इंग्रजी विकिपीडियावर एटीकेचा लेख स्वतंत्र आहे आणि त्याची तीन विजेतेपदे त्याच्याच नावावर आहेत. या निर्णयात भावनेचा वाटा नसेल असे मी म्हणणार नाही. पण उलट बाजूच्या माणसाला पटेल, निदान खोडता येणार नाही, असे कारण प्रत्येकाला उघडपणे द्यावे लागते. मालकाच्या जाहिरात विभागावर किंवा समाजमाध्यमांवरच्या झुंडीवर असे कोणतेही बंधन नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुणीही काहीही लिहू शकते, मग खोटे घुसणार नाही कशावरून? ते घुसते. सप्टेंबर २००८ मध्ये मँचेस्टर सिटीचा सामना सायप्रसच्या ओमोनिया क्लबशी होता. त्याआधी कुणीतरी ओमोनियाच्या विकिपीडिया लेखात थट्टा म्हणून लिहून ठेवले, की या क्लबचे काही चाहते फेकून दिलेल्या बुटांच्या टोप्या घालतात आणि एका छोट्या बटाट्यावरचे गाणे म्हणतात. ब्रिटनच्या ‘डेली मिरर’ने ते सामन्याच्या पूर्ववृत्तात जसेच्या तसे छापले. या प्रसंगात विकिपीडियाचे हसे झाले हे खरे, पण त्यातली मोठी जोखीम वेगळीच आहे. खोटी ओळ एकदा वर्तमानपत्रात छापली गेली की तेच वर्तमानपत्र तिचा पुरावा म्हणून दाखवता येते. यावरचा उपाय विकिपीडियाकडे पाठ फिरवणे हा नाही. त्या ओळीपुढे संदर्भ नव्हता. क्लबचा लेख नियमित पाहणारे चार जाणकार संपादक असते तर ती काही तासांत गेली असती. खोट्याला जागा मिळते ती ओसाड लेखात, गजबजलेल्या लेखात ते फार टिकत नाही. म्हणजे हा आक्षेप अधिक स्वयंसेवक हवेत याच बाजूचा पुरावा ठरतो. आता तर संगणकाला प्रश्न विचारून तयार उत्तर घेण्याची सवय वाढते आहे आणि ती उत्तरे देणाऱ्या यंत्रणा विकिपीडियाच्या मजकुरावरही शिकवल्या जातात. लेखातली चूक आता लेख न वाचणाऱ्यापर्यंतही पोहोचते.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मला अर्धी माघार घ्यावी लागते. छापील स्रोताचा आग्रह धरला की ज्यांच्या हाती छापखाना होता त्यांचाच इतिहास उरतो. १९११ च्या कोलकात्यात ‘इंग्लिशमन’ आणि ‘स्टेट्समन’सारख्या गोऱ्यांच्या पत्रांबरोबर ‘अमृत बाजार पत्रिका’ आणि ‘बेंगाली’ ही भारतीयांची पत्रेही होती, म्हणून बागानची बाजू नोंदली गेली. जिथे अशी पत्रे नव्हती तिथल्या संघांचे काय? शिवाय छापलेले सगळे खरे असते असेही नाही. १९५० च्या विश्वचषकाला भारत गेला नाही तो फिफाने अनवाणी खेळायला बंदी घातली म्हणून, ही गोष्ट असंख्य वेळा छापली गेली आहे. ती आडपडद्याची सबब होती, असे तेव्हा संघाचे नेतृत्व ज्यांच्याकडे असायचे त्या बागानच्या शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितले. सरावाला वेळ नाही, निवडीवर एकमत नाही आणि विश्वचषकाचे महत्त्वच तेव्हा कुणाला उमगलेले नाही, अशी खरी कारणे होती. केवळ किती ठिकाणी छापले हे मोजले असते तर दंतकथाच जिंकली असती. म्हणून स्रोतांची संख्या पुरेशी नसते, त्यांचे वजन करावे लागते, आणि ते काम मुळात इतिहासकारांचे आहे. बोरिया मजुमदार आणि कौशिक बंद्योपाध्याय यांचे ‘गोललेस’ किंवा नोव्ही कपाडिया यांचे ‘बेअरफूट टू बूट्स’ यांसारखी पुस्तके आली, म्हणून भारतीय फुटबॉलवर संदर्भासह लिहिणे शक्य झाले. स्वयंसेवक इतिहासकाराची जागा घेत नाही. शेकडो पानांच्या पुस्तकातला निष्कर्ष तो शाळकरी मुलापर्यंत फुकट पोहोचवतो. पुस्तकच नसेल, जुन्या फायलीच मिळत नसतील, तर तो हतबल असतो.

आणि नेमकी हीच आपल्याकडची अडचण आहे. मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप हा देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. मोहन बागान त्याच्या अंतिम फेरीत १९२३ मध्येच पोहोचला होता, आणि १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला तेव्हा प्रथमच भारतीय संघाचे नाव त्यावर कोरले गेले. आता ही स्पर्धा बंद पडली आहे. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा यांचे संघ मुंबईचे मैदान गाजवत होते. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये गुंडाळला गेला. चालू क्लबला निदान कार्यालय असते, कपाटात करंडक असतात. बंद पडलेल्या संघाचा इतिहास सांभाळणारे कुणीच उरत नाही, म्हणून त्याला स्वयंसेवकाची गरज सर्वांत जास्त असते. गोव्यात धेंपो पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स प्रत्येकी दोनदा. २०१६ मध्ये धेंपो आणि साळगावकर यांनी महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीग सोडली. या क्लबांच्या स्थानिक सामन्यांच्या बातम्या ‘गोमन्तक’ आणि ‘नवप्रभा’सारख्या मराठी पत्रांच्या जुन्या अंकांत शोधाव्या लागतील. कोलकात्याचा किंवा लंडनचा संपादक त्या वाचू शकत नाही, मराठी वाचक वाचू शकतो. कोल्हापूरची गोष्ट याहून ठळक आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, फुलेवाडी, शिवाजी तरुण मंडळ अशा तालमी आणि मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा मैदानात येतात. या संघांचा इतिहास पेठेतल्या जुन्या खेळाडूंच्या तोंडी आहे आणि स्थानिक वृत्तपत्रांच्या फायलींत आहे. इतरत्र तो जवळजवळ नाही. तोंडी आहे तोवर विकिपीडियाचे दार त्याला बंद आहे, आणि सांगणारी पिढी थांबणार नाही.

एवढ्यासाठी विकिपीडियाचा नियम शिथिल करावा असे मला वाटत नाही. नियम शिथिल केला तर पेठेपेठेच्या फुशारक्या इतिहास म्हणून नोंदल्या जातील. त्याऐवजी आपण नियमाला पुरेल एवढे साहित्य तयार केले पाहिजे. वृत्तपत्रांनी क्रीडापानांचे जुने अंक संगणकावर आणून वाचकांना शोधता येतील असे खुले करावेत. तालमींनी आणि क्लबांनी स्मरणिका, संघयाद्या, तारखा लिहिलेली छायाचित्रे यांची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी जुन्या खेळाडूंच्या मुलाखती घेऊन त्या संपादित करून प्रसिद्ध कराव्यात, म्हणजे तोंडी आठवणीला तपासता येणारे छापील रूप मिळेल. आणि सामान्य वाचकाने? मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे लिहायला पदवी लागत नाही, परवानगी लागत नाही. आपल्या आवडत्या संघाचा लेख उघडावा, त्यातली आधार नसलेली एक ओळ निवडावी, ग्रंथालयात जाऊन तिचा संदर्भ शोधावा आणि नोंदवावा. संदर्भ मिळाला नाही तर, ती ओळ कितीही लाडकी असली तरी, स्वतःच्या हाताने काढून टाकावी.