मुक्तिदिन आणि बंदिवान

१९ जून हा दिवस अमेरिकेत गुलामांचा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. १८६५ साली ह्याच दिवशी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरात जनरल गॉर्डन ग्रेंजर ह्यांनी हुकूम काढून त्या राज्यातील सुमारे अडीच लक्ष गुलाम स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. म्हणजे अडीच वर्षे ही माणसे कागदावर मुक्त आणि मळ्यावर गुलामच होती. २०२१ पासून हा दिवस राष्ट्रीय सुटीचा झाला आहे. मिरवणुका निघतात, मेजवान्या झडतात. परंतु काही मंडळी त्या सुमारास तुरुंगाच्या दाराशी जातात आणि केवळ पैशांअभावी आत अडकलेल्या कच्च्या कैद्यांचा जामीन भरतात. उत्सवाच्या दिवशी ही अवदसा कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या मते त्या दिवसाचा अर्थ ह्याच मंडळींना अधिक उमगला आहे.

त्याचे कारण इतिहासात आहे. ग्रेंजरच्या त्या हुकमातच मुक्त झालेल्यांनी जुन्या धन्याकडेच मजुरीने राहावे, आळसाला थारा मिळणार नाही, अशी तंबी होती! त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती संमत होऊन गुलामगिरी रद्द झाली; मात्र रीतसर सिद्ध झालेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालू शकेल, असा अपवाद तीत राहिला. दक्षिणेतील राज्यांना तेवढी फट पुरली. बेकार हिंडणे हा गुन्हा ठरला, दंड भरण्यास असमर्थ असलेला कृष्णवर्णीय कैदी झाला, आणि सरकार असे कैदी मळेवाल्यांना व खाणमालकांना भाड्याने देऊ लागले. विकत घेतलेला गुलाम मेला तर धन्याचे नुकसान होई. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. २०१८ साली टेक्सासमधील शुगरलँड गावी शाळेचे बांधकाम चालू असताना अशा ९५ जणांचे अवशेष सापडले. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत चालली.

ती गेली, पण अपवाद राहिला. लुइझियानातील अंगोला तुरुंग जुन्या गुलामांच्या मळ्यावरच उभा आहे. तेथे कैद्यांनी शेतात राबण्याचा मोबदला ताशी काही सेंट. टेक्सासमध्ये बहुतेकांना तेवढेही नाहीत. देशाच्या लोकसंख्येत सुमारे तेरा टक्के असलेले कृष्णवर्णीय तुरुंगांत सुमारे एक तृतीयांश आहेत. कैद्याने काम करू नये काय, असा प्रश्न केला जातो. अवश्य करावे, रिकामा बंदिवास मनुष्याला कुजवतो. वाद श्रमाचा नव्हे, सक्तीचा आणि मजुरीचा आहे. कोलोरॅडोने २०१८ साली मतदानाने आपल्या घटनेतील हा अपवाद काढून टाकला व इतर काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले. सुधारणांचा डौल मिरविणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मात्र २०२४ साली नकार दिला.

हे दूरचे भांडण म्हणून महाराष्ट्राला अंग झटकता येणार नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक नीग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले, ते येथील शूद्रातिशूद्रांची स्थिती त्याच मापाने मोजावी म्हणून. ते माप आमच्या तुरुंगांना लावल्यास काय दिसते? आमच्या घटनेचे तेविसावे कलम वेठबिगारीला मनाई करते. सक्तमजुरी वैध असली तरी कैद्याला योग्य मजुरी दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले. तरीही झाडलोट अमुक जातींनी करावी व स्वयंपाक तमुक जातींनी, असे नियम अनेक राज्यांच्या तुरुंगसंहितांत स्वातंत्र्यानंतर सात दशके सुखाने नांदत होते. मुंबईच्या एका महिला पत्रकाराने ते उजेडात आणून न्यायालयात नेले, तेव्हा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरले.

नियम सुधारण्यास न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत दिली होती. ती केव्हाच उलटली. आज प्रत्येक कारागृहात झाडू कोणाच्या हाती आहे, पळी कोणाच्या हाती आहे आणि दिवसाअखेरीस दोघांच्या खात्यावर किती पैसे जमा होतात, ह्याचा हिशेब राज्य सरकारने विधिमंडळापुढे ठेवावा, आणि तो मागण्याचे काम आमदारांनी येत्या अधिवेशनातच करावे.