डोईवरचे जग

दूरचे पाहण्याची हौस मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. डोंगरापलीकडे काय असेल, समुद्राच्या तळाशी काय दडले असेल, हे प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. पाय जेथे पोहोचत नाहीत, तेथे तो निदान दृष्टी तरी पाठवतो. पूर्वी जत्रेत खेळवाला चित्रांची पेटी घेऊन येई. पेटीच्या भोकाला डोळा लावून मुले वाकून बसत आणि दूरच्या नगरांची, राजवाड्यांची चित्रे पाहून हरखून जात. खेळ संपला की पाठ सरळ करून ती उठत आणि पुन्हा जत्रेच्या गर्दीत मिसळून जात.

आज ती पेटी मुलांच्या डोक्यावर चढली आहे. तिला आभासी वास्तवाचा हेडसेट म्हणतात. पट्ट्यांनी डोक्याला बांधलेल्या या पेटीत डोळ्यांसमोर दोन भिंगे आणि त्यांच्यामागे लहानसा पडदा असतो. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसली, तर मेंदू ती जुळवून खोली असलेले एकच दृश्य निर्माण करतो. ही गोष्ट इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आपल्या उपकरणाने दाखवून दिली होती. हेडसेटने तिला नवी जोड दिली. डोके जिकडे वळेल, तिकडचे दृश्य तो तत्काळ डोळ्यांपुढे आणतो. त्यामुळे खेळणाऱ्याला चित्र पाहिल्यासारखे न वाटता चित्राच्या आत उभे असल्यासारखे वाटते.

या करामतीचे कौतुक कोणालाही वाटावे असेच आहे. २०१८ साली निघालेल्या ‘बीट सेबर’ या खेळात संगीताच्या तालावर समोरून येणारे ठोकळे दोन तेजस्वी तलवारींनी छेदायचे असतात. तो खेळताना हात, खांदे, कंबर अशी सर्वच गात्रे हलतात. एका जागी बसून केवळ अंगठे चालवण्यापेक्षा हा खेळ खचित बरा! परंतु कोणत्याही साधनाची खरी परीक्षा पहिल्या पाच मिनिटांत होत नसते. अर्ध्या तासानंतर मान काय म्हणते, डोळे काय म्हणतात आणि पोट काय म्हणते, यावरच त्याची योग्यता ठरवली पाहिजे. दुरून डोंगर साजरे दिसतात. चढू लागल्यावरच त्यांचे खडे पायांना टोचतात.

या यंत्राचा इतिहास पाहिला, तर प्रारंभापासून त्याचा झगडा मानवी देहाशीच चाललेला दिसतो. १९६८ साली आयव्हन सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी डोक्यावर घालावयाचे असे एक दृश्ययंत्र जगापुढे मांडले. डोक्याची हालचाल मोजण्यासाठी छताला टांगलेला एक यांत्रिक बाहू त्याला जोडला होता. त्यावरून त्याला ‘डॅमोक्लिसची तलवार’ असे नाव पडले. प्राचीन सिराक्यूज नगरीच्या राजाने डॅमोक्लिस नावाच्या दरबाऱ्याला आपल्या आसनावर बसवले आणि त्याच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसाने तलवार टांगून ठेवली, अशी कथा आहे. समोर पक्वान्नांची ताटे होती. पण डॅमोक्लिसला त्यांतला एक घासही गोड लागेना. सुख समोर असूनही डोक्यावरच्या भारामुळे ते भोगता येऊ नये, ही अडचण या यंत्राच्या पाठीशी जणू त्या नावाबरोबरच लागली.

पुढे १९९५ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘व्हर्चुअल बॉय’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. ते टेबलावर ठेवून, त्यात तोंड खुपसून, तांबड्या रंगाची चित्रे पाहावी लागत. मधूनमधून खेळ थांबवून विश्रांती घेण्याची आठवण करून देण्याची सोयही त्यात होती. ते लोकांच्या पसंतीस उतरले नाही आणि थोड्याच काळात बंद पडले.

त्यानंतर चित्र फार सुधारले. परंतु भार पाहिजे तितका उतरला नाही. २०१६ साली आलेला ‘प्लेस्टेशन व्हीआर’ सुमारे ६१० ग्रॅम वजनाचा होता. २०२० सालचा ‘क्वेस्ट २’ ५०३ ग्रॅमचा, तर २०२३ सालचा ‘क्वेस्ट ३’ ५१५ ग्रॅमचा आहे. २०२४ साली ॲपल कंपनीने आणलेल्या पहिल्या ‘व्हिजन प्रो’ची बॅटरी खिशात ठेवावी लागते, तरीही डोक्यावर ६०० ग्रॅमांहून अधिक ओझे राहतेच. साधा चष्मा दोन-तीन तोळ्यांचा असतो. येथे अर्धा किलो किंवा त्याहून अधिक वजन चेहऱ्यावर बांधायचे असते.

कोणी म्हणेल, अर्धा किलो म्हणजे काय मोठे ओझे? खेड्यातील स्त्रिया पाण्याने भरलेला हंडा डोक्यावर घेऊन कोसभर चालतात! हे खरे आहे. पण त्या हंडा कोठे ठेवतात, हेही पाहिले पाहिजे. चुंबळीवर ठेवलेला हंडा डोक्याच्या मधोमध असतो आणि त्याचा भार मानेतून सरळ पाठीच्या कण्यावर उतरतो. हेडसेटचे वजन मात्र चेहऱ्याच्या पुढे लोंबकळते. मान ते सारखी मागे ओढून धरते आणि त्या ओढाताणीतच थकते. म्हणूनच काही हेडसेटांना मागच्या बाजूस बॅटरी असलेला पट्टा जोडतात. त्याने एकूण वजन वाढते. तरीही तोल साधल्यामुळे पुष्कळांना तो अधिक सुखकर वाटतो. केवळ वजनाने माणूस दमत नाही. चुकीच्या जागी ठेवलेल्या वजनाने तो लवकर दमतो.

मानेनंतर डोळ्यांचा विचार करावा. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असते. ‘क्वेस्ट २’ची भिंगे ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर या तीनच अंतरांवर बसवता येत. लहान मुलांच्या बाहुल्यांतील अंतर त्याहूनही कमी असू शकते. म्हणजे वडिलांच्या मापाची वहाण मुलाने पायात घालावी, तसाच हा प्रकार होतो. शिवाय ज्याला चष्मा आहे, त्याला तो आत बसवण्याची खटपट करावी लागते ती वेगळीच. चेहऱ्याला टेकणारी गादीही क्षुल्लक समजून चालत नाही. ‘क्वेस्ट २’च्या फोमच्या गादीमुळे काहींच्या त्वचेला त्रास झाला, म्हणून २०२१ साली अमेरिकेत सुमारे ४० लाख गाद्यांसाठी सिलिकोनची आवरणे देण्याची व्यवस्था करावी लागली.

सर्वांत विचित्र तक्रार पोटाची असते. घाटातून जाणाऱ्या गाडीत पुस्तक वाचणाऱ्याला मळमळते, हा अनुभव पुष्कळांना असतो. त्या वेळी डोळ्यांना पान स्थिर दिसते. पण शरीराचा तोल सांभाळणारे कानातील इंद्रिय वळणांची वार्ता मेंदूला देत असते. हेडसेटमध्ये याच्या उलट घडते. डोळे सांगतात, “धावत आहोत”. कान सांगतो, “जागीच उभे आहोत”. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत, की मेंदू गोंधळतो आणि घेरी येते. खेळ रचणाऱ्यांनी यावर काही उपाय योजले आहेत. २०२० सालच्या ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ या खेळात, वाटल्यास, चालत न जाता एका जागेवरून दुसऱ्या जागी क्षणात पोहोचण्याची सोय आहे. अशा युक्त्यांनी त्रास कमी होतो. परंतु सर्वांचाच तो पूर्णपणे जातो असे नाही.

घरातील सोयीचाही विचार केला पाहिजे. उभे राहून, हिंडून खेळावयाचे तर सुमारे दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद मोकळी जागा लागते. जेथे एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप ही तिन्ही चालतात, तेथे ती कोठून आणावी? खेळण्याच्या जागेची सीमा यंत्र दाखवते खरे; पण अचानक मध्ये आलेल्या धाकट्या भावंडाला लागणार नाही, याची हमी ते देत नाही. बॅटरी साधारण दोन-तीन तासांत संपते. उकाड्यात चेहरा घामेजतो, भिंगांवर बाष्प धरते. यंत्र उन्हात राहिले, तर भिंगांतून एकवटलेली किरणे आतील पडदा जाळतात. शिवाय कॅरमच्या पटाभोवती चौघे बसतात; येथे एक जण खेळतो आणि बाकीचे त्याचे हातवारे पाहत राहतात.

मग हे यंत्र टाकून द्यावे काय? तसे म्हणणे अविचाराचे होईल. १८६० नंतरच्या दशकातील सायकलींना लोक थट्टेने ‘हाडे खिळखिळी करणारी’ म्हणत. पुढे जॉन डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. तेव्हापासून सायकलीचा प्रवास सुखाचा होऊ लागला आणि ती घरोघरी पोहोचली. सुखसोय म्हणजे चैन नव्हे. ती उपयुक्ततेची पहिली पायरी आहे, हे त्या धावेने शिकवले. हेडसेट करणाऱ्यांनीही चित्र अधिक रेखीव करण्याच्या चढाओढीपूर्वी मानेवरचा भार हलका करावा आणि लहान डोक्यांचे माप घ्यावे. अजून त्याला त्याची ‘धाव’ सापडायची आहे.

तोपर्यंत खेळणाऱ्यानेच सावध राहिले पाहिजे. हे साधन कोणत्या वयापासून वापरावे, याविषयी ते करणाऱ्यांतही एकमत नाही. ‘प्लेस्टेशन व्हीआर’साठी १२ वर्षांची मर्यादा सांगितली होती. ‘क्वेस्ट’साठी प्रथम १३ वर्षांची अट होती, २०२३ साली ती पालकांच्या संमतीने १० वर्षांवर आणण्यात आली. अशा वेळी वडीलधाऱ्यांची अनुज्ञा जितकी आवश्यक, तितकेच स्वतःच्या शरीराचे ऐकणेही आवश्यक ठरते.

आणि नेमके येथेच मुले चुकतात. चार मित्र भोवती उभे असतात; एकाला घेरी येऊ लागते; परंतु ‘हा भित्रा’ असे कोणी म्हणेल या धाकाने तो दात-ओठ खाऊन खेळत राहतो. ज्याचे जळते त्यालाच कळते. भोवतालच्यांना त्याचा त्रास दिसत नाही. मळमळ हा भित्रेपणा नव्हे आणि ती लपवणे हे धैर्य नव्हे. “आता पुरे,” असे म्हणून वेळीच हेडसेट उतरवणारा मुलगाच त्या मेळ्यात खरा धीट समजला पाहिजे, आणि त्याला हसण्याऐवजी पाण्याचा पेला पुढे करणारा त्याचा खरा मित्र होय.

जत्रेतील मुले पेटीपासून डोळा काढून सहज उठत. पेटी त्यांना धरून ठेवत नसे. डोक्यावर बांधलेल्या पेटीच्या बाबतीत ती मोकळीक मुलांनी स्वतःच जपली पाहिजे. यंत्रातील डोंगर कितीही सुंदर असला, तरी तो पाहणारे डोळे आणि तो पेलणारी मान ही खरीखुरी आहेत, आणि ती जन्मभर पुरवायची आहेत.