दिवाळीच्या तिकिटावर फक्त पणतीच का?



दिवाळीची सुट्टी जवळ आली की गृहपाठाच्या यादीत एक विषय हमखास असतो : 'माझा आवडता सण'. तो निबंध कसा येतो ते तुम्हाला सांगायला नको. दिवाळी हा दिव्यांचा सण आहे. आई फराळ करते. आम्ही नवीन कपडे घालतो. फटाक्यांनी प्रदूषण होते. चाळीस वह्या आणि चाळीस वेळा तेच! मुलांना लिहिता येत नाही असं मुळीच नाही. आपण प्रश्नच असा विचारतो, की उत्तर गाईडमध्ये सापडावं.

माझं मत स्पष्ट सांगते. या निबंधाऐवजी मुलांना सणाचं एक टपाल तिकीट काढायला सांगा. त्यावर सणामागची एक लोककथा हवी आणि ती घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेली हवी.

तिकीटच का? कारण त्यात जागा नसते. दोन बोटांत मावणाऱ्या कागदावर संपूर्ण दिवाळी बसत नाही. मग निवडावं लागतं, आणि निवडायचं म्हटलं की मूल विचार करू लागतं.

अर्थात सणाचं तिकीट म्हटलं की त्यात गोष्ट असतेच असं नाही. कॅनडाने १८९८ साली एक तिकीट काढलं. त्यावर 'ख्रिसमस १८९८' असं छापलेलं आहे, म्हणून पुष्कळ जण त्याला नाताळचं पहिलं तिकीट म्हणतात. पण चित्र कशाचं? जगाच्या नकाशाचं, आणि त्यात ब्रिटिश साम्राज्याचे प्रदेश लाल रंगात! साम्राज्यभर एका पेनीत पत्र जाण्याची सोय त्या नाताळच्या दिवशी सुरू होणार होती, त्याची ती जाहिरात. सणाचं फक्त नाव वापरलं.

अमेरिकेच्या टपाल खात्याने ५ ऑक्टोबर २०१६ रोजी दिवाळीचं तिकीट काढलं. तिथल्या भारतीयांनी त्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. सोनेरी पार्श्वभूमीवर एक तेवती पणती, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांनाही त्याचं अप्रूप वाटलं असणार. तिकीट देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या पणतीकडे बघून तिथल्या एखाद्या मुलाने विचारलं, "ही का लावतात?", तर तिकीट गप्पच राहतं.

आता आइसलँडकडे चला. जेमतेम चार लाख वस्तीचा हा थंडगार देश. त्याच्या टपाल खात्याने १९९९च्या नाताळाला तेरा तिकिटं काढली. त्यांवर ना येशूचा गोठा, ना लाल डगल्यातला सांताक्लॉज. त्यांवर होते तेरा चोर!

हे तेरा भाऊ डोंगरात राहणाऱ्या ग्रीला नावाच्या राक्षसिणीचे मुलगे. १२ डिसेंबरपासून रोज एक असे ते गावात उतरतात आणि चोवीस तारखेला शेवटचा येतो. त्यांची नावं मराठीत आणली तर वर्गात हशा पिकतो : पळीचाट्या, खरवडखाऊ, वाडगेचाट्या, दारआपट्या, खिडकीडोकाव्या. एक जण दह्यासारखा स्कीर नावाचा पदार्थ फस्त करतो, एक सॉसेज पळवतो, एक धुराड्यातून आकडा सोडून मांस ओढून घेतो. सर्वांत शेवटचा मेणबत्त्या पळवतो.

मेणबत्त्या कशाला, असा प्रश्न मुलं विचारतातच. इथेच खरा धडा सुरू होतो. तेव्हाच्या मेणबत्त्या जनावरांच्या चरबीच्या असत, म्हणजे त्या खाता येत. आता परत यादी बघा. पळी चाटणं, पातेल्याची खरवड खाणं, खाटेखाली ठेवलेलं वाडगं पळवणं. हे चोर सोनं-नाणं नेत नाहीत, खरकटं नेतात. ज्या मुलखात हिवाळा लांब आणि दिवस चार-पाच तासांचा, तिथल्या माणसांना भीती कशाची वाटत होती, ते या तेरा नावांत लिहून ठेवलेलं आहे. भूगोलाच्या पुस्तकातला 'शीत कटिबंध' हा शब्द हे सांगू शकेल का?

आणखी एक गंमत. ही नावं आणि तेरा हा आकडा पूर्वी पक्का नव्हता, गावोगावी वेगळी नावं चालत. योहान्नेस उर कोटलुम या कवीने १९३२ साली मुलांसाठी एक कवितासंग्रह काढला, त्यात या भावांवर कविता होती. तीच घरोघरी गेली आणि यादी ठरून गेली. म्हणजे छापलेली गोष्ट टिकते, आणि न छापलेल्या बाजूला पडतात. आपल्या पाठ्यपुस्तकांनी आपल्या सणांचं नेमकं हेच केलंय असं मला वाटतं.

पालकांची एक हरकत मला माहीत आहे : "मुलांना असल्या भीतीच्या गोष्टी कशाला?" ग्रीला तर द्वाड मुलांना पोत्यात घालून नेते आणि शिजवून खाते! ही हरकत फार जुनी आहे. आइसलँड डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली असताना, १७४६ साली, मुलांना या भावांची भीती घालू नये असा हुकूमच निघाला होता. मला तो हुकूम पटतो. जेवत नाही म्हणून बागुलबुवाच्या हवाली करण्याची धमकी देणं वाईटच. पण भीती घालणं वेगळं आणि भीतीची गोष्ट सांगणं वेगळं. आइसलँडच्या लोकांनी गोष्ट टाकली नाही, तिला वळण दिलं. आज तिथली मुलं खिडकीत बूट ठेवतात, रोज एक भाऊ येऊन त्यात खाऊ ठेवून जातो. मस्ती केली असेल तर बुटात बटाटा!

आता आपल्या पणतीकडे येऊ. त्याच दिवाळीत आपल्याकडे काय काय आहे बघा. कोकणात नरकचतुर्दशीला तुळशीपाशी अंगठ्याखाली कडू कारीट फोडतात, तो नरकासुर. गोव्यात त्याच नरकासुराचे मोठमोठे पुतळे रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात, आणि काही घरांत मध्यरात्रीनंतर सूप वाजवत अलक्ष्मीला बाहेर काढतात. पाडव्याला ओवाळताना आजी म्हणते, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." आणि ज्या दिवशी आपण गाय-वासराची पूजा करून वसुबारस म्हणतो, त्याच दिवशी सह्याद्रीतल्या आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. गुरं ज्याच्यापासून राखायची, त्या वाघालाच देव मानून नैवेद्य! एकाच तिथीला एकीकडे गाय आणि दुसरीकडे वाघ. यापेक्षा चांगलं तिकीट कुठलं?

अवघड प्रश्न येतील, हे धरून चला. "बळी चांगला राजा होता तर त्याला पाताळात का घातलं?" असं मूल विचारेल. केरसुणी लक्ष्मी असेल तर ती रोज हातात धरणाऱ्या बाईला आपण काय मान देतो, असंही एखादी चुणचुणीत मुलगी विचारेल. कृपा करून "जास्त शहाणपणा नको" म्हणू नका. आपल्यालाही उत्तर ठाऊक नसेल तर तो प्रश्न फळ्यावर दोन दिवस राहू द्या. आणि ही अंधश्रद्धा नाही का, असं कोणी म्हणालं तर सांगा, की विमान उडतं म्हणून कोणी पुष्पक विमानाची गोष्ट बंद केली नाही. ऐकणं म्हणजे मानणं नव्हे.

ज्या घरी दिवाळी नसते तिथल्या मुलाला ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, जे घरचं असेल ते काढू द्या. निबंधाच्या विषयात सण 'आवडता' असायचा, पण उत्तर दिवाळी किंवा गणपतीच लागायचं. तिकिटाला ती अडचण नाही.

करायचं कसं, ते थोडक्यात. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा कागद द्या, फार छोटा दिला तर मुलं कंटाळतात. कडेला कातरीने दाते पाडायचे. 'भारत' हा शब्द, किंमत आणि साल हवंच. चित्र एकच. मागच्या बाजूला चार-पाच ओळींत गोष्ट, जशी ऐकली तशी, घरच्या बोलीत. 'ळ'चा 'य' झाला, 'ण'चा 'न' झाला तरी लाल शाई बाजूला ठेवा. पालकांनी गोष्ट मोबाईलवर शोधून देऊ नये. आजी-आजोबा गावी असतील तर फोन लावून द्यावा, पण प्रश्न मुलानेच विचारावा. घरात सांगणारं कोणी नसेल तर शाळेतल्या मावशींना किंवा शिपाईकाकांना विचारू द्या, त्यांच्याकडे खूप गोष्टी असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही.

चित्र वेडंवाकडं आलं तरी गुण कापू नका. गोष्ट कोणी सांगितली त्याचं नाव मागे लिहिलेलं नसेल, तर मात्र तिकीट परत पाठवा.