मुलाला सांगता आले पाहिजे

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक प्रयोग सुरू केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद ठेवायचे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ खरी आहे, हे आधीच मान्य करू. परंतु दोन्ही निर्णयांत एक मूलभूत भेद आहे. बांशीचा ठराव मुलांसाठी होता. वडगावचा भोंगा आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांसाठी होता. मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करताना हा भेद वरवर दिसतो त्याहून पुष्कळ महत्त्वाचा आहे.

बंदीकडे जगाचा कल वाढतो आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही आणि ते पाहण्याची जबाबदारी मुलांवर वा पालकांवर नसून कंपन्यांवर आहे. आपल्याकडे २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला ‘बालक’ मानले. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेणे आणि त्याच्यावर पाळत ठेवून जाहिरातींचा मारा न करणे हे कंपन्यांचे कर्तव्य ठरवले. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिन्यांचा अवधी मिळाला. कायदा स्वागतार्हच आहे. पण त्याची सारी मदार ज्या एका शब्दावर आहे, तो शब्द म्हणजे पालक.

आणि पालकांचा अनुभव काय सांगतो? बहुतेक समाजमाध्यमांवर तेरा वर्षांची अट आहे. ही अट आली ती १९९८च्या एका अमेरिकी कायद्यामुळे. आपल्या घरात मात्र नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी खाते उघडताना जन्मवर्ष चार-पाच वर्षांनी मागे नेले जाते, आणि ते बहुधा आई किंवा बाबाच नेतात. आंतरजालावर मूल पहिले खोटे शिकते ते असे, घरातल्यांच्या देखत. पुढे हेच मूल अनोळखी माणसाशी बोलताना वय, शाळा, नाव यांविषयी काही लपवू लागले, तर आश्चर्य कसले?

अगदी लहान मुलांचा प्रश्न थोडा निराळा आहे. चार वर्षांचे बाळ मोबाइलवर गाणी लागल्याशिवाय घास घेत नाही, ही तक्रार हल्ली घरोघर ऐकू येते. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. ती कोणी निवडली, हे पाहायला कोणी जवळ नसते. २०१७मध्ये यूट्यूबवर मुलांच्या ओळखीच्या व्यंगचित्र-पात्रांना घेऊन बनवलेल्या हिंसक आणि विकृत चित्रफितींचा सुळसुळाट उघडकीस आला होता. २०१९मध्ये मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या प्रकरणी गूगल आणि यूट्यूबला अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले. तेव्हा ‘कार्टूनच तर पाहतोय’ हे वाक्य पालकांनी जरा सांभाळून उच्चारावे. आपोआप पुढे जाणारी सोय बंद करणे आणि पडदा घरातल्या बसत्याउठत्या जागेतच ठेवणे एवढे तर कोणालाही जमण्यासारखे आहे.

खरी कसोटी लागते ती नऊ-दहा ते तेरा-चौदा या वयात. या वयात धोका बहुधा राक्षसाच्या रूपात येत नाही. तो मित्राच्या रूपात येतो. खेळता खेळता कोणी तरी कौतुक करतो, खेळातली नाणी किंवा शस्त्रे भेट देतो. घरच्यांच्या रागावण्याविषयी सहानुभूती दाखवतो. मग ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू’ म्हणतो. मग छायाचित्र मागतो. ते एकदा हाती आले की सूर पालटतो : आणखी पाठव, पैसे पाठव, नाही तर हे तुझ्या बाबांना आणि शाळेतल्या मुलांना पाठवतो. या धमकीचे बळ त्या छायाचित्रात फारसे नसते. ‘घरी कळले तर माझे काही खरे नाही’ या मुलाच्या खात्रीत ते असते. गुन्हेगाराचे भांडवल म्हणजे मुलाचे मौन, आणि दुर्दैवाने ते भांडवल आपणच त्याला पुरवत असतो. ‘असले काही दिसले तर मोबाइल कायमचा बंद’ हे वाक्य ज्या घरात ऐकवले जाते, त्या घरातले मूल सांगण्याआधी दहा वेळा विचार करते आणि बहुधा सांगत नाही.

२०१७च्या जुलैमध्ये मुंबईत अंधेरीतील एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर ‘ब्ल्यू व्हेल’ नावाच्या खेळाची मोठी धास्ती देशभर पसरली. जो तो इशाऱ्याचे संदेश पुढे पाठवू लागला. चौकशीअंती कोणत्याही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नसल्याचे केंद्र सरकारने जानेवारी २०१८मध्ये लोकसभेत सांगितले. तोवर सगळ्यांनी त्या अदृश्य देवमाशाची भीती बाळगली. आपले मूल रात्री अकरा वाजता खेळात कोणाशी बोलते, हे मात्र थोड्याच घरांनी विचारले.

मूल सांगायला आले तर काय करावे? प्रथम ऐकून घ्यावे आणि ‘सांगितलेस हे चांगले केलेस’ असे म्हणावे. जाब नंतर, खरे तर नकोच. संदेश घाईने पुसू नयेत, तो पुरावा असतो. पैसे देऊ नयेत, दुसरे छायाचित्र तर नाहीच. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे, पैशाची फसवणूक झाली असल्यास १९३० आहे आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नाव न देताही बालकांविषयीची तक्रार करता येते. पोलिसांची पायरी चढण्याची अनेक कुटुंबांना धास्ती वाटते. म्हणून हेही माहीत असावे, की २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला रुचेल त्या ठिकाणी, पोलीस गणवेशात नसताना घ्यावा लागतो आणि त्याची ओळख उघड करण्यास मनाई आहे. छायाचित्र पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा २०२३पासून उपलब्ध आहे. तिच्यात छायाचित्र फोनबाहेर जात नाही. त्याची सांकेतिक खूण तेवढी सहभागी कंपन्यांकडे पोचते.

आणखी एक खबरदारी मोठ्यांसाठी. ‘सावध राहा’ म्हणून अशी एखादी चित्रफीत सज्जन माणसेही कुटुंबाच्या गटावर टाकतात. बालकांची लैंगिक चित्रणे पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हाच आहे, हेतू इशाऱ्याचा असला तरी. सर्वोच्च न्यायालयाने तर सप्टेंबर २०२४मध्ये अशी चित्रणे बाळगण्यापाहण्याविषयीही कठोर भूमिका घेतली. नातवाचे शाळेच्या गणवेशातले, शाळेच्या नावासह काढलेले छायाचित्र दीडशे जणांच्या गटावर टाकताना मात्र आपला हात क्षणभरही थबकत नाही. मुलाला ‘आपली माहिती कोणाला देऊ नकोस’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यम वापरले होते. समाजमाध्यम वापरणाऱ्यांपैकी एखादे खाते रोखणे वा त्याची तक्रार करणे ६२ टक्क्यांना, तर आपले खाते खासगी करणे सुमारे ५५ टक्क्यांना येत होते. म्हणजे जवळजवळ निम्म्या मुलांनी दार उघडे ठेवले आहे, कारण कडी कशी लावायची हे त्यांना कोणी दाखवलेलेच नाही. हे दाखवायला अर्धा तास पुरतो. संस्कारवर्ग, उन्हाळी शिबिरे, वस्तीवरच्या अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा अर्धा तास ठेवावा, आणि त्यात पालकांनाही मुलांशेजारी बसवावे. आधी मुलांनी आईबाबांच्या फोनवर खाते खासगी करून दाखवावे, मग आईबाबांनी मुलांच्या. पुष्कळ घरांत असे आढळेल, की उघडे दार आईबाबांचेच होते.