अकरावीत कुणी विचारत नाही

यंदाच्या जूनमधली गोष्ट. आमच्या नया नगरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक भाई भर दुपारी माझ्या दारात उभे राहिले. हातात कागदांची पिशवी, चेहरा उतरलेला. मुलाची बारावीची फी भरायला ते कॉलेजात गेले होते. खिडकीवरच्या क्लार्कने यादी पाहिली आणि सांगितलं की तुमचा मुलगा अकरावीत तीन विषयांत नापास आहे, फेरपरीक्षेलाही बसलेला नाही, त्याची फी घेता येणार नाही. "टीचर, पोरगा तर रोज सकाळी डबा घेऊन जात होता," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

या मुलाला दहावीला ८६ टक्के होते. इमारतीत पेढे वाटले होते, माझ्याही घरी आले होते. वर्षभर तो मला लिफ्टमध्ये भेटत होता. "कसं चाललंय बेटा?" "ठीक आहे, टीचर." चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली मी, माझ्याही काही लक्षात आलं नाही.

म्हणून या महिन्याचं सदर नुकतीच अकरावीत गेलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या अम्मी-अब्बांसाठी. यंदा दहावीचा निकाल १३ मे रोजीच लागला. पण अकरावीचे ऑनलाइन प्रवेश या वर्षीपासून साऱ्या राज्यात एकत्र झाले. दहा कॉलेजांची पसंती भरा, यादीची वाट पाहा, पुन्हा पुढची फेरी, असं करत वर्ग भरायला ऑगस्ट उजाडला. त्यानंतर गणपती आले, ईद-ए-मिलाद आली, पुढे दिवाळी आहे. म्हणजे पहिलं सत्र जेमतेम हातात आलं, तोवर संपतही आलं. आणि घरात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "अजून कुठे काय सुरू झालंय!"

सुरू झालंय. फक्त घंटा ऐकू येत नाही, इतकंच.

शाळेत मूल दोन दिवस आलं नाही की आम्ही घरी फोन करत असू. कोणाच्या अब्बांचं दुकान आहे, कोणाची अम्मी शिवणकाम करते, कोणाच्या घरी आजारपण आहे, सगळं ठाऊक असायचं. वही अपुरी असली की डायरीत शेरा जायचा. कॉलेजात एका तुकडीत शंभराच्या आसपास मुलं बसतात, तास संपला की शिक्षक दुसऱ्या वर्गावर जातात. तिथे तुमचं मूल म्हणजे एक हजेरी क्रमांक. शिक्षक वाईट असतात असं मी मुळीच म्हणत नाही. तिथली रीतच अशी आहे की जो विचारतो त्याला सांगतात, जो विचारत नाही त्याला कुणी विचारत नाही. दहा वर्षं कुणीतरी विचारेल याची सवय झालेल्या मुलाला हे पहिले काही महिने मोकळीक वाटते. ती मोकळीक किती महाग पडते ते परीक्षेनंतर कळतं.

आता त्या ८६ टक्क्यांविषयी. मुलाची मेहनत मी कमी लेखत नाही, पण पालकांनी हिशेब नीट समजून घ्यावा. दहावीला प्रत्येक विषयात २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि ते बहुधा भरभरून मिळतात. सहापैकी सगळ्यांत कमी गुणांचा विषय सोडून उरलेल्या पाचांची टक्केवारी निघते. त्यामुळे गणितात कच्चं असलेलं मूलही ८५ च्या पुढे जाऊ शकतं. पेढे जरूर वाटा, पण विज्ञान शाखा घेण्याआधी एकूण टक्के बाजूला ठेवून गणित आणि विज्ञान या दोन ओळी वेगळ्या वाचायला हव्यात. कॉलेजला जाताना मागे सोडलेला तो सहावा विषय अकरावीत पुन्हा समोर येऊन बसतो.

शिवाय अभ्यासाचं आकारमान बघा. दहावीच्या विज्ञानाच्या दोन पुस्तकांत मिळून वीस धडे. अकरावीत एकट्या भौतिकशास्त्राचे चौदा, रसायनशास्त्राचे सोळा, जीवशास्त्राचे सोळा, आणि गणिताची दोन पुस्तकं वेगळी. हे केवळ धडे मोजणं झालं. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्याच धड्यात व्हेक्टर आणि डिफरन्शिएशन येतं. हेच डिफरन्शिएशन गणिताच्या दुसऱ्या पुस्तकात अगदी शेवटच्या धड्यात आहे! म्हणजे गणिताचे शिक्षक तिथवर पोचायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडणार, आणि फिजिक्सचे शिक्षक ते दुसऱ्या महिन्यात वापरणार. मुलाला वाटतं आपलंच डोकं चालत नाही. सगळ्या वर्गाचं तेच झालेलं असतं, पण कुणी कुणाला सांगत नाही. अशा वेळी गणिताचा तो शेवटचा धडा आधीच उघडून पहिली चार पानं वाचावीत, कामापुरतं येतं. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत आहेत, मोबाइलवरही वाचता येतात.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याच्या जोडीला भाषेचा घाट चढावा लागतो. हा घाट मी स्वतः चढले आहे. १९७९ साली रायगडातल्या गावातून मराठी माध्यमाची दहावी करून मी मुंबईत मामूंकडे आले आणि विज्ञान शाखेला गेले. पहिल्या आठवड्यात सर फळ्यावर काहीतरी काढून 'डेन्सिटी, डेन्सिटी' म्हणत होते. घनता मला चांगली येत होती, उदाहरणंही सोडवता येत होती, पण ते घनतेबद्दलच बोलत आहेत हे कळायला मला तीन तास लागले. पहिल्या चाचणीत २५ पैकी ६ पडले. तो पेपर मी गादीखाली लपवला. तीन आठवडे त्याच गादीवर झोपत होते, झोप कसली येते! शेवटी मामीला तो चादरी बदलताना सापडला. मामू रागावतील म्हणून मी रडायच्या तयारीत होते. त्यांनी पेपर उलटसुलट पाहिला, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि विचारलं, "उद्या कोणत्या मास्तरांना भेटायचं?"

दुसऱ्या दिवशी ते दुकान उशिरा उघडून माझ्याबरोबर आले. त्या सरांनी मला एकच काम दिलं. एका वहीत तीन रकाने आखायचे, मराठी शब्द, इंग्रजी शब्द आणि त्याचं सूत्र. पुढे शाळेत मी उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना चौथा रकाना आखायला सांगायची. कसाफत, घनता, डेन्सिटी. कुव्वत, बल, फोर्स. रोज दहा शब्द लिहिले तर दिवाळीपर्यंत ही वही पुरी होते आणि मग फळ्यावरची भाषा परकी वाटत नाही. वाणिज्य शाखेतल्या मुलांचं याबाबतीत बरं असतं. बुक-कीपिंग दहावीत कुणालाच नसतं, तिथे इंग्रजी माध्यमाचं मूलही तुमच्याबरोबर शून्यापासून सुरुवात करतं.

एक गैरसमज इतका पसरला आहे की तो पालकांच्याच तोंडून ऐकू येतो. अकरावीचे गुण कुठे लागतात? थोडा आराम करू दे, बारावीला बघू. गुणपत्रिका लागत नाही हे खरं. पण इंजिनिअरिंगसाठीच्या एमएचटी-सीईटीत सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो, आणि नीटमध्ये तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम जवळपास निम्मा-निम्मा. अकरावी झोपून काढलेलं मूल बारावीच्या वर्षात दोन वर्षांचा अभ्यास करायला बसतं, आणि मग क्लासवाले हजारोंची 'रिपीटर बॅच' पुढे करतात. क्लासबद्दल आणखी एक. क्लास लावला म्हणून कॉलेज बुडवू नका. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, आणि प्रयोगशाळेतलं प्रॅक्टिकल कोणताही क्लास करून देत नाही.

आपल्या मीरा रोड-भाईंदरच्या मुलांचा एक प्रश्न गाडीचा. ज्यांना अंधेरी, वांद्रे किंवा त्याही पुढचं कॉलेज मिळालं, त्यांना सकाळी विरारहून भरून येणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. भाईंदरला उलटं जाऊन तिथून सुटणारी गाडी पकडणं हे इथल्या लोकांना शिकवायला नको. पण रोजचे दोन-तीन तास जातात, हे घरच्यांनी धरून चालावं. संध्याकाळी आलेल्या मुलाला लगेच दुकानावर बसवू नये, आणि आलेल्या मुलीला लगेच पोळ्या लाटायला लावू नये. मुलाला अर्धा तास पडू देणारी घरं मी पाहिली आहेत, त्याच घरात मुलगी दप्तर ठेवून सरळ स्वयंपाकघरात जाते. गाडीत तिलाही तेवढंच उभं राहावं लागलेलं असतं.

मुलींच्या पालकांचा हमखास प्रश्न पोशाखाचा. कॉलेजची माहितीपुस्तिका आणि सूचनाफलक नीट वाचा, फाटकावर वाद घालण्याची वेळ येऊ देऊ नका. चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या पोशाखाच्या परिपत्रकाचं प्रकरण गेल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. ९ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅज यांवरच्या बंदीपुरती त्या परिपत्रकाला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याची मुभा मात्र दिली नाही. अडचण आली तर आधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मुलीचं कॉलेज बंद करणं हा पर्याय कुणी सुचवला, तर त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

अब्बांना इंग्रजी येत नाही, मग ते मुलाचा अभ्यास कसा बघणार, असं मला विचारतात. माझ्या मामूंनी बघितलाच की. वही उघडून तारीख बघता येते. फिजिक्सच्या वहीत शेवटची तारीख ऑगस्टची असेल आणि आज सप्टेंबर संपत आला असेल, तर इंग्रजी कशाला यायला हवं? चाचणी झाली का, पेपर कुठे आहे, हे विचारा. आणि कमी गुण दिसले तर त्या दिवशी आवाज चढवू नका. पुढचा पेपर तुमच्यापर्यंत येतो की गादीखाली जातो, हे त्या पाच मिनिटांवर ठरतं. पहिल्या सत्रानंतर एकदा कॉलेजात जाऊन वर्गशिक्षकांना भेटा. कुणी बोलावणार नाही, आपणच जायचं.

आणि विज्ञान झेपतच नाही असं मुलाने तोंड उघडून सांगितलं, तर ते ऐका. शाखा बदलायची विनंती जितक्या लवकर कराल तितकी सोपी जाते, कॉलेजच्या कार्यालयात याच महिन्यात विचारा. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा दहावीच्या गुणांवर होतो आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. आयटीआय आहे. लोक काय म्हणतील हा विचार पेढे वाटतानाच जास्त नडतो.

आणखी एक तारीख आतापासून भिंतीवर लिहून ठेवा. ही मुलं २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीला बसतील. त्या वर्षी रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, म्हणजे बोर्डाची परीक्षा बहुतेक रोज्यांतच येणार. सहरी ते पेपर आणि पेपर ते इफ्तार या वेळेत रात्रभर जागून धडे पाठ करणं जमणार नाही. जे पाठ व्हायचं ते त्याआधीच झालेलं असावं लागेल.

तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा यंदा पुन्हा अर्ज भरून वाणिज्य शाखेत अकरावीला बसला आहे. त्याच्या अब्बांनी पहिले काही दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, अम्मी मध्ये पडली. गेल्या गुरुवारी मगरिबनंतर तो माझ्याकडे आला. अकाउंट्सच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ११ पडलेत. जर्नल एंट्रीत नावे आणि जमा उलटं झालं होतं, बाकी बेरजा बरोबर होत्या. पेपराच्या कोपऱ्यात निळ्या शाईने उर्दूत सही होती.

"अब्बांनी केली," तो म्हणाला. "त्यांना आधी दाखवला."