बोअर घ्या, पण शेजारची विहीर बघून

होळी झाली की आपल्या पाबळ-केंदूर पट्ट्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. बांधापलीकडं शेजाऱ्याची विहीर असते, तरी गाडी लागते. कुणी हटकलं तर उत्तर तयार : "माझ्या रानात मी काहीही करीन!"

कायद्याचं म्हणाल तर हा गडी फारसा चुकत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं जमीनमालकाला आपल्या हद्दीतलं भूगर्भातलं पाणी उपसायची मोकळीक दिली. भूजल कायद्यानं गावच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्‌भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला बंदी घातली. शेजाऱ्याच्या खाजगी विहिरीला हे संरक्षण नाही. तिथं फक्त शेजारधर्म उरतो.

आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्या भेगा बांध बघून थांबत नाहीत. तुमच्या खोल बोअरनं तीच भेग गाठली की शेजारची चाळीस फुटी विहीर उताणी पडते. मग तो कर्ज काढून आणखी खोल जातो. पाऊस मात्र तेवढाच. आपल्या गावात १९८३ साली विज्ञान आश्रम काढणाऱ्या डॉ. कलबागांच्या विद्यार्थ्यांनी यंत्रानं पाणी शोधून दिलं. पाणी कुठं आहे ते यंत्र सांगेल. ते कुणाच्या वाट्याचं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

ठरवता येतं का? येतं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटलं. माणसामागं अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई. तुम्ही म्हणाल, ती योजना सामाईक होती, बोअर माझ्या पैशाची. अहो, पैसा पाइपाचा आणि मोटारीचा. पाणी कुणी विकत घेतलं? शिवाय हिवरे बाजारला तर विहिरी ज्याच्या त्याच्याच आहेत. तरी शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हे ग्रामसभेनं ठरवलं आणि लोकांनी पाळलं.

भाऊसाहेबांनाही सांगणं आहे. गावच्या पाणवठ्याजवळ बोअर पडते तेव्हा ती कुणाची, हे बघून आपण डोळेझाक करतो. (आम्ही शेतीखात्याची माणसंही त्यात आलो.) गरिबाची असली की नियम आठवतो. आणि वैशाखात टँकरचा प्रस्ताव लिहायला पुन्हा आपणच बसतो.

यंदा एवढं करू. बोअर घेणाऱ्यानं आधी आजूबाजूच्या विहिरमालकांना सांगावं, त्यांच्यादेखत विहिरींची पातळी मोजून ग्रामपंचायतीत लिहून ठेवावी. बोअर चालू झाल्यावर महिन्यानं पुन्हा मोजावी. विहीर उतरली असेल, तर त्या शेजाऱ्याच्या जनावरांना आणि उभ्या पिकाला त्याच बोअरचं पाणी द्यायचं, हा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा.