वाचा-उपचाराचे शिक्षण जिल्ह्यात न्या

पक्षाघातानंतर शब्द हरवलेल्या आजोबांशी कसे बोलायचे, हे पाठ्यपुस्तक शिकवत नाही. त्यासाठी अनुभवी उपचारतज्ज्ञाशेजारी बसून तासन्‌तास पाहावे लागते आणि मग त्याच्या देखरेखीखाली स्वतः हात घालावा लागतो. म्हणूनच वाचा व श्रवण उपचाराच्या चार वर्षांच्या पदवीत अखेरचे वर्ष इंटर्नशिपचे असते.

मात्र हा सराव मुंबई-पुण्यापुरता मर्यादित राहून चालणार नाही. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्था १९८३ पासून उत्तम काम करते. पण खानदेशातले मूल 'डोळा'ला 'डोया' म्हणते, तेव्हा तो उच्चारदोष नसून बोली आहे, हे त्या मातीत राहिल्याशिवाय उमगत नाही. चुकीच्या निदानाने निरोगी मुलावर उपचार होतात आणि खरा दोष नजरेआड जातो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रे यासाठी उपयोगी पडतील. तेथे विद्यार्थ्यांना किमान काही महिने पाठवावे, सोबत पूर्णवेळ मार्गदर्शक द्यावा आणि पुरेसे विद्यावेतनही द्यावे. मार्गदर्शकाविना विद्यार्थी पाठवणे म्हणजे रुग्णांवर प्रयोग करणे होय. विद्यापीठे आणि आरोग्य विभागाने येत्या शैक्षणिक वर्षापासूनच ही सुरुवात करावी.